टाचेचा गुन्हा

तुम्हाला सगळं दिसलं होतं. आयोगाच्या थंडगार खोलीत, भिंतीएवढ्या पडद्यावर, एका माणसाच्या कण्याची एकोणीस वर्षं तुमच्यापुढे मांडली होती. त्यात खाणीतला रस्ता होता, डंपरची सीट होती आणि सगळ्यात शेवटी एका बाईची टाच होती. तुम्ही टाच तेवढी उचललीत. नजरचूक झाली म्हणू नका. नजरचूक एकदा होते. तुम्ही तीच चूक माणसामागून माणसाच्या बाबतीत केलीत, तेच शब्द वापरून, आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन पुढच्याला आत बोलावलंत.

टाच ज्या बाईची, तिचं नाव ज्योत्स्ना पिंपळशेंडे. चंद्रपूरच्या पुढे उघड्या कोळसा खाणीला लागून कामगारांची वसाहत आहे, तिथे ती राहते. नवरा प्रफुल डंपर चालवायचा. नव्या खाणींमध्ये डंपर आपले आपण चालायला लागले होते. या जुन्या खाणीत मात्र माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडत होता, म्हणून सीटवर अजून माणूसच बसत होता.

ज्योत्स्ना पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाबद्दल आपल्याकडे काय काय बोलतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीखालचं धन त्याला दिसतं, वीज त्याच्यावर धावून येते आणि उसण भरलेल्या कमरेला त्याचा पाय लागला की उसण पळते. धन तिला कधी दिसलं नाही. तिच्या गावाखाली जे होतं ते कंपनीला आधी दिसलं. विजेच्या धाकानं आई तिला ढग गडगडले की गोधडीखाली कोंबायची, एवढंच. उरला पाय. तो मात्र चालला.

शनिवारी सकाळी तिच्या पडवीत डंपरवाले, डोझरवाले पालथे पडलेले असायचे. डाव्या पायाची टाच कमरेवरून तीनदा खाली ओढायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याला पाय लागला त्यानं उठून नीट निघून जायचं, आभार मानायचे नाहीत. आभार मानले की उसण परत येते म्हणतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, पण शनिवारी सकाळी वसाहतीतला मोठ्यातला मोठा गडी तिच्या पायाखाली यायचा. हा तिचा मान होता. दुसरा कुठला मान तिच्या वाट्याला आला नव्हता.

प्रफुलचं दुखणं साध्या उसणीच्या पलीकडे गेलं होतं. कमरेच्या डाव्या अंगाला सुरुवात व्हायची आणि कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत एक आगीची तार ओढल्यासारखी निघायची. तो म्हणायचा, "लाल मुंग्याईले तिखट चारून कोनं नसेत सोडलं असंल तर असंच चावतीन." पायात चप्पल आहे की नाही ते त्याला बघून कळायचं. शिंकायच्या आधी तो भिंत धरायचा.

कंपनीच्या दवाखान्यानं त्याला काय काय सांगितलं! वजन उतरवा. गादी बदला. टेन्शन घेता का? घरी कटकट आहे का? फोटोत तर काहीच नाही. शेवटचा डॉक्टर तर तोंडावर म्हणाला, "ड्युटी टाळायचे धंदे आहेत हे." त्या दिवशी प्रफुल घरी येऊन जेवला नाही. दुखतं त्याचं दुःख वेगळं. दुखत नाही असं सांगितलं जातं ते वेगळं.

मग 'मागोवा' आलं.

न जाणाऱ्या दुखण्याचं कोडं डॉक्टरांना पिढ्यानपिढ्या छळत होतं. जखम भरते, फोटोत सगळं जागच्या जागी दिसतं, तरी माणूस विव्हळतो. कारण मज्जारज्जूत सापडलं, पण तंतूंमध्ये नाही. तंतूंच्या शेजारी ज्या पेशी राहतात त्यांच्यात सापडलं. या पेशी म्हणजे पहारेकरी. नस चेपली, हादरली की त्या जाग्या होऊन ओरडतात. धोका टळला की झोपतात. पण दर वेळी उठवलं की त्यांची झोप पातळ होत जाते. हजारो वेळा उठवलेला पहारेकरी एके दिवशी झोपणंच सोडून देतो. मग घरात चोर नसला तरी तो 'चोर, चोर' करत राहतो. ते ओरडणं म्हणजे प्रफुलच्या पायातली आगीची तार.

आणि प्रत्येक जागरणाची या पेशी आपल्या गाभ्यात एक रासायनिक खूण ठेवतात. खूण ठरलेल्या वेगानं फिकी पडते, म्हणून ती किती जुनी ते काढता येतं. कोणते तंतू कोणत्या बाजूनं चेपले यावरून दाब गोल होता की लांबट, एकदाच बसलेला की सारखा थरथरणारा, तेही समजतं. मागोवाचा पट्टा कमरेला बांधायचा. तो या खुणांचे क्षीण चुंबकीय पडसाद टिपतो आणि पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो. पहारेकऱ्यांना पुन्हा झोपवणारं औषधही निघालं होतं. त्याला 'शमन' म्हणत. कण्यात दोनदा टोचलं की झालं.

यंत्रामागून कायदा आला, कायद्यामागून आयोग आला. घोषणा सुटसुटीत होती : कारण जिथं, जबाबदारी तिथं. कारण कामात सापडलं, तर कंपनीनं शमन द्यायचं आणि दुखवणारं काम दुरुस्त करायचं, म्हणजे सीट बदलायची, रस्ता सपाट करायचा. कारण घरात सापडलं, तर तुमचं तुम्ही बघा.

वसाहतीतून पहिला गेला प्रफुल. सोबत ज्योत्स्ना. तपासणी केंद्रावर डॉक्टर निलोफर काझी होत्या, नागपूरच्या, तिशीतल्या, बोलताना समोरच्याकडे बघणाऱ्या. पट्टा बांधून झाला, पडद्यावर डोंगर उभे राहायला लागले आणि डॉक्टर काझी म्हणाल्या, "बाप रे. किती सोसलंत हो तुम्ही."

प्रफुल पालथा होता. त्याच्या खांद्यांकडे बघून ज्योत्स्नाला कळलं की तो रडतोय.

"अवो, काय झालं? दुखून राहिलं का?"

"नाही व. खरं हाय म्हनते. मशीन म्हनते, खरं हाय."

डॉक्टर काझींनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही सगळी दाट रांग दिसते ना? ही थरथर आहे. सीटची. एकोणीस वर्षं, सुट्टीचे दिवससुद्धा वेगळे दिसतात. इथं, इथं आणि इथं मोठे झटके. खड्डे असणार."

"आन् हे शेवटी टोक कायचं?" प्रफुलनं विचारलं.

"हा वेगळा दाब आहे. गोल, एकाच ठिकाणी. टाच असावी एखादी. यानंतर पेशी झोपल्याच नाहीत."

आणि इथे प्रफुलनं ते केलं जे या वसाहतीतला कुठलाही माणूस करता. तो अभिमानानं हसला. "हिचीच हाय ना जी ती टाच! पायाळू हाय माही बायको. साऱ्या खदानीच्या कमरा हिच्या पायाखालून गेल्या. म्या म्हनलं, जोरात लाव, मनून तिनं पुरं वजन देल्लं."

ज्योत्स्ना लाजली. पदर सावरून तिनं पाय साडीत आत घेतला.

डॉक्टर काझी हसल्या नाहीत. त्यांनी छताकडे पाहिलं. त्या खोलीत बोललेला शब्दन् शब्द तपासणीचा भाग म्हणून आयोगाकडे जात होता.

निकाल फोनवर आला. अंतिम कारण : घरगुती. पत्नीच्या टाचेचा दाब. कामाशी संबंध : नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं परत काझीबाईंपुढे उभी. "मॅडम, मशीन खोटं बोलते का?" ज्योत्स्नानं विचारलं.

"मशीन बरोबर आहे. मी पूर्ण आलेख पाठवला होता. ते त्यातलं शेवटचं टोक धरतात, बाकीचं सोडतात. तसा नियमच केलाय."

"मंजे माह्या पायानंच झालं?"

खोटं सांगून बाईला सोडवता आलं असतं, पण ते काझीबाईंना जमलं नाही. "खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे आहेत ना तुमच्याकडे? वर्षानुवर्षं माती ओतत जातात. एखाद्या दिवशी त्यावरून बकरी जाते आणि ढिगारा घसरतो. बकरी गेली हे खरंच आहे."

"आन् आयोग म्हनते, बकरीनं डोंगर पाडला," प्रफुल म्हणाला.

"हो."

"बकरीले बरं पकडता येते, मॅडम. डोंगराले कोन दोर बांधते?" तो म्हणाला, हसला, आणि हसता हसता भिंत धरून वाकला.

आयोगातले साहेब रागीट नव्हते. रागीट असते तर बरं झालं असतं. त्यांनी ज्योत्स्नाला आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग म्हणाले, "एक मार्ग आहे. घरगुती इजेतल्या पीडितांसाठी सरकारची वेगळी योजना आहे. शमन तिथूनही मिळतं. यांनी फक्त कॅमेऱ्यासमोर जबाब द्यायचा, की पत्नीनं इजा केली."

"म्या मनलं होतं तिले, जोरात लाव," प्रफुल म्हणाला.

"ते सांगायची गरज नाही."

"आन् तिचं काय होईल?"

"काही विशेष नाही. प्रतिबंधित व्यक्ती म्हणून नोंद. कोणाच्या अंगाला उपचाराच्या हेतूनं हात-पाय लावायचा नाही. थोडं समुपदेशन."

प्रफुल उठला. दारापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. साहेबांनी तोवर दार उघडून धरलं होतं.

घरी तो म्हणाला, "असा जबाब देईन तर बापाचं नाव नाही सांगनार." ज्योत्स्नानं त्याला भाकरी वाढली. तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं टिकणार नाही हेही तिला कळलं. कारण जेवताना त्याला बसता येत नव्हतं, तो उभ्यानं खात होता, घोड्यासारखा.

त्याच महिन्यात बाकीचे डंपरवाले तपासणीला गेले. आता सांगा, या वसाहतीत अशी कोणती कंबर होती जिला ज्योत्स्नाचा पाय लागला नव्हता? दुखणं जास्त झालं की माणूस शनिवारी तिच्याकडे जायचा. म्हणजे प्रत्येकाच्या डोंगररांगेत शेवटचं टोक गोल. टाच. टाच. टाच. आयोगानं पत्रक काढलं, की खाणकामगारांच्या कंबरदुखीमागे अघोरी, अंधश्रद्ध प्रथा असल्याचं विज्ञानानं सिद्ध झालं आहे. त्या पत्रकात सीट हा शब्द नव्हता. रस्ता हा शब्द नव्हता. विज्ञानाचं नाव घेऊन एवढी लबाडी कुठल्या बुवानंही केली नसेल.

शेजारची शकुनबाई निमगडे नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "मी तं पहिल्यापासून म्हनत होती. पाय आधी आला ते चांगलं लक्षन नाही." मागच्या उन्हाळ्यात हिनंच आपल्या जावयाच्या बहिणीला नागभीडवरून आणून ज्योत्स्नाच्या पायाखाली घातलं होतं.

"शकुनबाई, तुमच्या कमरेले लावला तवा कोन्ता आधी आलता?" ज्योत्स्नानं विचारलं.

"माही गोष्ट येगळी."

मग बंडू मोहुर्ले आला. प्रफुलच्या पाळीतला, थट्टेखोर, दर शनिवारी 'वहिनी, आज लाथ फुकट का?' म्हणत येणारा. आज तो दारातच उभा राहिला, चप्पल न काढता.

"वहिनी, म्या जबाब देऊन टाकतो. रागावू नोको. माह्यानं आता गियर नाही टाकल्या जात. आपलं मन तं माहीत हाय ना एकमेकाले."

"द्या ना भाऊजी."

"लई उपकार झाले, वहिनी."

इतक्या वर्षांत तिचे आभार कोणी मानले ते हेच पहिले. ती आत गेली आणि कणकेचा गोळा उगाच तिंबत बसली.

रात्रपाळीहून प्रफुल सकाळी घरी आला तेव्हा त्याला दोघांनी डंपरवरून उतरवून आणलं होतं. डावं पाऊल लोंबत होतं. काझीबाईंनी निरोप दिला होता, की आता उशीर केला तर पाऊल परत उचलणार नाही. ज्योत्स्नानं त्याला खाटेवर टाकलं.

"तुमी जबाब द्या."

"चूप बस."

"साऱ्याईनं देल्ला. तुमी नाही देल्ला तं का मी सुटली? माहं नाव तं गेलंच हाय. जानाऱ्या नावानं पाय तं वाचू द्या."

"मी कोन्या तोंडानं म्हनू, का बायकोनं मारलं?"

"ज्या तोंडानं जोरात लाव म्हनलं त्याच," ती म्हणाली. आणि मग दोघांनाही हसू आलं, ते फार वाईट हसू होतं.

कॅमेऱ्यासमोर तो बोलला तेव्हा ती शेजारीच बसली होती. तसा नियम नव्हता. तिनंच हट्ट धरला. "माझ्या पत्नीनं," तो पुस्तकी भाषेत म्हणाला, कारण साहेबांनी तसं पढवलं होतं, "माझ्या पत्नीनं माझ्या कमरेवर टाचेनं इजा केली." साहेब म्हणाले, अजून जरा मोठ्यानं. तो मोठ्यानं म्हणाला.

शमन लागू पडलं. विज्ञान खोटं नव्हतंच कधी. आठवडाभरात आगीची तार विझली, पाऊल उचललं, प्रफुल बसून जेवायला लागला. बाकीचेही बरे झाले आणि सगळे परत कामावर गेले. त्याच सीटवर, त्याच रस्त्यावर. दुरुस्त काय करायचं? दुखण्याचं कारण तर समुपदेशनाला बसलेलं होतं. दर पंधरवड्याला ज्योत्स्ना चंद्रपूरला जाऊन एका खोलीत बसायची, तिथे एक मुलगी तिला विचारायची, लोकांच्या अंगावर पाय ठेवताना तुम्हाला नेमकं काय वाटायचं?

एका दुपारी पहिल्या पाळीहून येऊन प्रफुल झोपला होता. ती शेजारी जरा आडवी झाली. झोपेत कूस बदलताना तिचा पाय त्याच्या कमरेला लागला.

तो ओरडून उठला. भिंतीला चिकटला.

"दुखलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

त्यानं तोंड फिरवलं. "नाही दुखलं व. असंच."

असंच. वीस वर्षांच्या संसारात तिनं याच पायानं त्याचे पाय दाबले होते, थंडीत याच पायांना त्यानं आपल्या पायांत धरून ऊब दिली होती. आता तो दचकत होता, आणि आपण दचकतो हे त्याला आवडत नव्हतं, आणि तरी दचकत होता. जबाब तोंडानं दिला होता. पण शरीरानं तो खरा मानला होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःच आपलं अंथरूण पलीकडच्या भिंतीला टाकलं. त्यानं नको म्हटलं नाही.

वर्ष गेलं. शनिवारची पडवी ओस पडली. पत्रक काढणाऱ्यांचा हिशेब असा, की टाच गेली म्हणजे दुखणं गेलं.

शकुनबाईचा धाकटा जावई संकेत, डंपरवर नवाच लागलेला, एके दिवशी कमरेत वाकून तिच्या दारात आला. "काकू, फक्त एकदा लावा. कोनाले नाही सांगत."

"नाही रे बापू. जा, मशीनकडे जा." बंदी होती म्हणून ती नाही म्हणाली, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला आपल्याच पायाची भीती वाटली होती.

संकेत मशीनकडे गेला. काझीबाईंची बदली झाली होती. नव्या डॉक्टरनं डोंगरांबद्दल काही बोलायचं टाळलं. संकेतच्या पाठीला ज्योत्स्नाची टाच कधीच लागली नव्हती. सगळी वसाहत निकालाची वाट बघत होती. आता तरी सीटचं नाव येईल. आता दुसरं उरलंच कोण?

निकाल आला. अंतिम कारण : घरगुती. पाठीवर सुमारे बारा किलोचं, उड्या मारणारं वजन.

पिहू. संकेतची तीन वर्षांची लेक. पाळीवरून आलेल्या बापाच्या पाठीवर चढून 'घोडा घोडा' खेळायची.

शकुनबाई तेव्हा ज्योत्स्नाच्या दारात आली. उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. मग म्हणाली, "तू चालतं का व आयोगात? तुले माहीत हाय तिथलं."

प्रफुल खाटेवर बसून चहा पीत होता. "कायले उकरून राहिली तू? झालं ना आपलं बरं."

"तुमचं झालं," ज्योत्स्ना म्हणाली, आणि चप्पल घातली.

आयोगात तेच साहेब होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. संकेत बसू शकत नव्हता, तो उभा होता. त्याच्या बायकोच्या, कोमलच्या, मांडीवर पिहू होती. ती टेबलावरच्या भिरभिऱ्यासारख्या पंख्याकडे हात करत होती आणि बापाकडे जायला धडपडत होती. संकेत एक पाऊल मागे सरकला. लेकीपासून. ज्योत्स्नानं ते पाहिलं, आणि तिला त्या दुपारची भिंत आठवली.

"मार्ग आहे," साहेब म्हणाले. "पीडित योजना. जबाब द्यायचा. मूल लहान असल्यामुळे तिच्या वतीनं आई मान्य करू शकते. पुढं मुलीला वडिलांच्या पाठीवर खेळू द्यायचं नाही. लहानांसाठी समुपदेशनही वेगळं असतं, चित्रं वगैरे काढून घेतात. घाबरायचं काही नाही." आणि त्यांनी कॅमेरा सुरू केला.

कोमल रडायला लागली. ज्योत्स्ना उठली आणि त्या मायलेकींच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमचं प्रकरण बंद झालंय," साहेब म्हणाले.

"माहं झालं. माहं नाव तुमी लिवलं, म्या लिवू देल्लं. नवऱ्याचा पाय वाचवाचा होता. आता हिचं लिवता? लिवा. पन आधी मले सांगा. ही पोट्टी बापाच्या पाठीवर बसली नसती, तं कोनाचं नाव आलं असतं? तो पान्याची बादली उचलते त्या बादलीचं? बायको त्याले मिठी मारते तिचं? तो वाकून आईच्या पाया पडते, त्या आईचं? तुमच्या मशीनले खदान दिसते, रस्ता दिसते, सीट दिसते. मी बी पाहिलं हाय त्या पडद्यावर, माह्या डोयानं. मंग त्या सीटपर्यंत पोचाले तुमाले अजून आमच्या घरातली किती मानसं ओलांडा लागतीन?"

साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो चालूच होता.

"पानी नोको मले. खुर्ची बी नोको. सांगा ना, सायेब. किती? मी हटत नाही इथून. बोला."